वारं लागतंय, सिस्टर

नर्सिंगच्या शाळेत सांगत, या पेशात वाटा पुष्कळ. खरंय. सर्जरी वॉर्ड, शाळेचा दवाखाना, गरम झऱ्यांवरचं आरोग्यधाम, सगळ्या वाटा मी तुडवल्या. बक्षीस सगळीकडे एकच: कॉफीचा पुडा आणि चॉकलेटचा डबा. डबा बहुधा आधी दोन-तीन घरं फिरून आलेला.

आमच्या सर्बियातल्या निश शहरात माणसं रणगाड्याला भीत नाहीत, पण दोन उघड्या खिडक्यांमधल्या वाऱ्याला भितात. सर्जरी वॉर्डातले रादोयेकाका तर दुसरं काही बोलतच नसत. "वारं लागतंय, सिस्टर. लाव ती खिडकी."

ऑपरेशन उत्तम झालं, तरी ते गेले. आमच्यात माणूस गेला की त्याच्या आत्म्याला वाट म्हणून खिडकी उघडतात. मी उघडली, चादर ओढायला वळले. मागे खट्. कडी लागलेली.

मग रोजच. सुतार कडीला तेल घालून म्हणाला, "मिलेवाताई, घरी नवऱ्याशी वाजलंय का?"

कंटाळून शाळेच्या दवाखान्यात गेले. खट्. आरोग्यधामात गेले. खट्. खोलीत खिडक्या दोन असल्या तर आधी एक, मग म्हातारा माणूस चालत जाईल इतक्या वेळाने दुसरी. नोकरी बदलावी, तर पेशंट तोच. आणि कॉफी आणायचं नाव नाही!

शेवटी देसांकाआजींच्या घरी शुश्रूषेला लागले. आजींना मोकळी हवा प्यारी. "मी गेले की खिडकी उघड हं, पोरी. मला इथं कोंडून राहायचं नाही. वचन दे."

मी दिलं.

भर दुपारी आजींचा श्वास बारीक झाला. स्वयंपाकघरातून सूपचा वास येत होता. आयत्या वेळी दगा नको म्हणून मी आधीच खिडकी उघडली.

खट्.

पुन्हा उघडली. खट्.

"सिस्टर, आईचं एवढं एकच मागणं होतं," त्यांची लेक वेस्ना रडत ओरडली. "खेळ काय लावलाय?"

मी तावदानाला खांदा लावला. आतून काहीतरी रेटत होतं. रागाने नाही, चिवटपणे.

"रादोयेकाका, आज नाही! हवं तर मफलर गुंडाळा!"

रेटा थांबला.

आजींचा श्वासही.

पडदा हलला, गार हवा आत आली. सूप निवेपर्यंत मी खिडकी धरून होते. वेस्नाने माझे गाल चुंबले, कॉफीचा पुडा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला आपण जिंकल्यासारखं वाटलं.

सोमवारी बालवाडीत रुजू झाले. माझ्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आहेत. दोन्ही सताड उघडल्या आणि कॉफी ओतायला वळले.

खट्.

एकदाच. दोन्ही कड्या एकदम लागलेल्या होत्या; एकट्या म्हाताऱ्याला हे जमणारं नव्हतं.