देखभाल कोणाची?

श्रावण खंडारे ओव्हरसियर म्हणून अकोल्याला रुजू झाला त्याच वर्षी जिल्हा परिषदा निघाल्या, आणि पहिलंच मोठं काम त्याच्या वाट्याला आलं ते रस्ते मोजण्याचं. मोठ्या सरकारी रस्त्यांचे नकाशे होतेच. गावोगावचे गाडरस्ते, पाणंदी, नदीकडे उतरणाऱ्या वाटा मात्र लोकांनी आपल्या आपण राखलेल्या. त्या कुठल्याच कागदावर नव्हत्या. तेल्हारा तालुक्यातली बावीस गावं श्रावणला मिळाली. त्यानं हिवरखेडला खोली घेतली. मोजणीची लोखंडी साखळी सायकलच्या कॅरिअरला बांधून तो दिवस उगवता निघायचा. सोबतीला पुंजाजी.

पुंजाजी पंचावन्नचा. जुन्या बोर्डाच्या काळापासून रस्त्यांवर रोजानं राबला, पण कायम काही झाला नाही. साखळीचं पुढचं टोक तो धरी, मागचं श्रावण. चालता चालता त्याचं एकच पालुपद असे.

"साहेब, एखाद्या मैलावर मैलकुली म्हून माहं नाव लावून द्या. आरशावानी ठेवतो पाहा तेवढा मैल."

"माझ्या हातात असतं तर आजच लावलं असतं, पुंजाजीभाऊ."

श्रावणच्या वहीत तीन रकाने होते : रस्ता कुठून कुठे, लांबी, देखभाल कोणाची. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, अशी वरून ताकीद होती.

आधीच्या गावात पाटलांनी सात रस्ते दाखवले होते आणि आठवा दाखवला नव्हता. तो बौद्ध वस्तीचा होता, लोकांनी श्रमदानानं केलेला. "तो काई रस्ता नोहे," पाटील म्हणाले होते. श्रावणनं तो मोजला आणि वहीत सगळ्यात वर लिहिला. त्याच्या आईनं मूर्तिजापूरच्या रस्त्यावर गिट्टी फोडून त्याला शिकवलं होतं. जो रस्ता आहे तो कागदावर येईल, हा त्याचा बाणा होता.

म्हणून भोंडखेडला खुशालराव सरपंच नेमके तेच शब्द बोलले, तेव्हा श्रावणच्या कपाळाची शीर उठली.

भोंडखेडचे रस्ते बाकी गावांसारखेच. काळी जमीन, पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या मार्गशीर्षात दगडासारख्या वाळलेल्या, बैल फुरफुरत चालायचे. मोजणी आटोपत आली, तेव्हा गावाच्या उत्तरेला, तुरीच्या शेतांमधून, श्रावणला एक लाल पट्टा दिसला. सारखा, मधे किंचित उचललेला, दोन्ही कडा सुतात कापलेल्या. असा रस्ता अख्ख्या तालुक्यात नव्हता.

"हा कुठे जातो?"

"आसरखेडले," खुशालराव म्हणाले. "पन तो रस्ता नोहे. गाव बेचिराख आहे. माह्या आज्यानंही तिथं दिवा पाह्यला नोता."

"मग राखतं कोण?"

खुशालरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "साहेब, तुमी शिकलेले मानसं. आमी त्या रस्त्यानं बैल नेत नाही. लिहू नोका. कागदावर आला का कोनाच्या तरी गळ्यात पडते."

जमीन दाबली असेल कुणाची तरी, श्रावणला वाटलं. तो पुंजाजीला म्हणाला, "धरा साखळी."

बारा वाजत आले होते. पहिल्याच साखळीला पुंजाजी वाकला आणि त्यानं मुरुमाची चिमूट उचलून बोटांत चोळली. "ओला आहे, साहेब. आजचा." आसपास कोसभर काळ्या मातीखेरीज काही नव्हतं, मुरुमाची खाण पार डोंगराच्या पायथ्याशी. रस्त्यावर मुरूम ठोकून बसवायचा धुम्मस मारल्याचे चौकोनी ठसे एकाला एक लागून होते. पावलाचा मात्र एकही नव्हता. श्रावण मागे वळला. त्यांची स्वतःची पावलंही उमटत नव्हती, इतका तो घट्ट दाबलेला होता. एवढं कारण त्याला पुरलं.

बावन्नाव्या साखळीला पांढरी लागली, म्हणजे जुनं गावठाण. मातीचे बुटके ढीग, बाभळी, एक पडका ओटा. तिथं रस्ता संपत होता, आणि त्या टोकाशी एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन उभी होती. पन्नाशीची, काळीसावळी, जुनेर नेसलेली. कामावरच्या चार बायांसारखी बाई.

"मोजून राह्यले का, बाबू?"

"हो. रस्ता कोण राखतं?"

"आमी."

"कधीपासून?"

"मुकादम गेला तवापासून. 'येतोच,' म्हनला." तिनं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. "लिहून घेता का? दुसऱ्याचं नाव लागलं का आमी सुटलो."

"तुमचं नाव काय?"

"मनकर्णा."

श्रावणनं वही उघडली. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. मजुरी न देता कोणी या बाईला राबवून घेतंय, हे त्याला उघड दिसत होतं. आणि शेजारी पुंजाजी उभा होता, रस्त्याकडे लग्नातल्या नवरदेवासारखा पाहत. लांबी एक मैलाच्या जवळपास भरली होती. निदान शिफारस म्हणून जाईल, असं म्हणून श्रावणनं लिहिलं : मैलकुली, पुंजाजी.

बाईनं डोक्यावरचं टोपलं उतरवलं आणि पुंजाजीच्या पायाशी ठेवलं. मग ती ओट्यामागे गेली. ते निघाले तेव्हा पुंजाजीनं दोनदा मागे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी त्याची बायको इंदूबाई हिवरखेडच्या खोलीवर आली आणि उंबऱ्यातच बसली.

"साहेब, यायले कोन्या कामावर लावलं तुमी?"

"मी? कुठल्याच नाही."

"फाटेफाटे जातात, दिवस बुडता येतात. बोलत नाहीत. ताटावर बसले तरी हात वर-खाली, वर-खाली. काल म्या हात धरून पाह्यले." तिनं स्वतःचा तळवा उघडून श्रावणपुढे केला. "रेषाच राह्यल्या नाहीत साहेब त्याईच्या हातावर. एकही नाही."

श्रावणनं सायकल काढली.

भोंडखेडात खुशालराव ओसरीत होते. त्यांनी श्रावणला पाहिलं आणि मान खाली घातली.

रस्त्यावर सूर्य डोक्यावर आला होता. सावली म्हणून कुठे नव्हती. दुरून धुम्मसाचा आवाज येत होता, सावकाश, सारख्या अंतरानं.

पुंजाजी रस्त्याच्या टोकाशी होता. पाठमोरा. सहा दिवसांत तो वीतभर बुटका झाल्यासारखा दिसला.

"पुंजाजीभाऊ, चला घरी."

धुम्मस थांबला नाही. "सुट्टी नाही, साहेब."

"कोण म्हणतं?"

"नाव लागलं ना."

श्रावणनं दंड धरून त्याला ओढलं. दंड दगडाचा होता. दोन्ही हातांनी ओढलं. पुंजाजीचे पाय हलले नाहीत आणि धुम्मसाचा ठेका चुकला नाही.

मग श्रावणनं पिशवीतून वही काढली. तिसऱ्या रकान्यातल्या नावावर त्यानं आडवी रेघ मारली.

धुम्मस वर गेला आणि तिथंच थांबला.

पुंजाजीनं मान वळवली. डोळे त्याचेच होते, घाबरलेले. "कोरा ठेवू नोका, साहेब," तो कसाबसा बोलला. "कोरा नाही ठेवता येत. कोनाचं लिहिता?"

श्रावणच्या मनात भराभर नावं आली. ग्रामपंचायत भोंडखेड, म्हणजे दोनशे उंबरे. खुशालराव. स्वतःचं नाव. तिथं पेन कागदाला टेकलं, आणि शाईचा ठिपका पसरू लागला.

धुम्मस अजून वरच होता.

श्रावणनं लिहिलं : मनकर्णा.

धुम्मस पुंजाजीच्या हातून गळून पडला. तो मटकन खाली बसला आणि लहान लेकरासारखा हुंदके देऊ लागला. श्रावणनं त्याला उठवलं, खांद्याला धरलं. दोघं चालू लागले. मागे पाहायचं नाही, असं श्रावणनं ठरवलं होतं.

"बाबू."

आवाजात राग नव्हता. तो थांबला. मागे पाहिलं.

ती ओट्यापाशी उभी होती. पदर खोचून झाला होता. मुकादमाला विचारतात तशी ती मान थोडी खाली घालून विचारत होती.

"लागतोच कामाले. जराक पानी पिऊन घेऊ का?"

ती वाट पाहत राहिली. परवानगीशिवाय ती हलणार नव्हती, हे त्याला कळलं, आणि त्यानं मान हलवली.

ती बाभळींकडे वळली. तिथं कधीकाळी विहीर होती. आता ती काठोकाठ मातीनं बुजलेली होती, आणि मधोमध एक जुनं झाड वाढलं होतं.

पुंजाजीला घेऊन श्रावण वीस पावलं गेला असेल, तोच मागे रहाट करकरला, आणि खूप खोल, बादली पाण्याला लागली.