एकेचाळीस मिनिटं

त्या मंगळवारी माझं काम अगदी साधं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या घरांत बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या महिन्याच्या नोंदी छापायच्या आणि होकनच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. होकन आमच्या नगरपालिकेच्या वृद्धसेवेचा साहेब. माझे गुडघे कामातून गेले तेव्हा त्याने मला घरोघरच्या फेऱ्यांतून काढून पडद्यासमोर बसवलं. आमच्या उत्तरेकडे डिसेंबरात दुपारी दोनलाच काळोख पडतो. खोलीत करपलेल्या कॉफीचा वास होता आणि मी इतकी दमले होते, की एका ओळीच्या दोन दिसत होत्या.

पद्धत अशी, की दिवसातून तीनदा आपापल्या नावाने यंत्रात शिरायचं, ज्याच्या त्याच्या पलंगाकडे अर्धा मिनिट बघायचं, माणूस ठीक दिसला की बंद करायचं. कोणी बघत असेल तोवर कॅमेऱ्यावर निळा दिवा लागतो. चित्र साठवत नाहीत. कोणी, कधी, किती वेळ बघितलं, एवढंच मागे राहतं.

एव्हर्टच्या पानावर रोज दुपारी तीनला एक जादा नोंद होती. एकेचाळीस मिनिटं. बघणारी, मे-लिस.

मे-लिस माझी सोबतीण. एकोणीस वर्षं एव्हर्टच्या घरी तीच जायची. सप्टेंबरात आम्ही तिला पुरलं. कबरीवर मूठभर माती मीही टाकली होती.

होकनने खांदे उडवले. "तिचं नाव काढायचं राहून गेलं असणार. कुणीतरी तिच्या नावाने शिरतंय. काढून टाक, गुडरून."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"ते तू मला सांग. पडद्यासमोर तू बसतेस!"

एखाद्याकडे कुणी नको तेव्हा बघितलं असेल, तर त्याला समक्ष जाऊन सांगायचं, असा आमचा नियम आहे. म्हणून मी गाडी काढली.

एव्हर्ट अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. उभा जन्म नदीतून ओंडके वाहून नेण्यात गेला. कॅमेऱ्याला तो मुळीच राजी नव्हता. लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला, असं होकनने विचारलं, तेव्हा म्हणाला होता, "संडासाचं दारही मी लावूनच घेतो. आत काय दरोडे घालतो का?" शेवटी त्याची सही मीच घेतली. गोड बोलून घेतली. फेऱ्या कमी होतील, गुडघे वाचतील, म्हणून. त्याची मला आजही लाज वाटते.

तो पलंगावर बसून बशीतून कॉफी भुरकत होता. मी नोंदीचं सांगितलं. तो दचकला नाही.

"मे-लिस ना? मला ठाऊक आहे."

"एव्हर्ट, अरे, ती तर..."

"म्हातारा झालोय, खुळा नाही. चर्चमध्ये तुझ्या मागच्याच बाकावर होतो मी." त्याने आवाज खाली आणला. "निळा दिवा लागतो. मग ही खुर्ची कुरकुरते... एकोणीस वर्षं ती इथे उभीच राहिली बघ. एक डोळा घड्याळावर, एक माझ्या गोळ्यांवर. आता बसते."

पलंगाजवळ वेताची खुर्ची होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघितलं. रिकामीच होती. पण तिथे हाताला चोळायच्या स्पिरिटचा वास येत होता. आम्ही सगळ्याजणी ते वापरतो. त्या दिवशी मात्र मी लावलं नव्हतं. चुलीत लाकूड तडकलं आणि मी दोन पावलं मागे सरकले.

"तिचं नाव काढू नकोस," तो म्हणाला. "तुम्ही सगळे माझ्याकडे बघता. भेटायला तीच येते... एवढं एकच माणूस आहे गं मला."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "नियम आहे, एव्हर्ट."

कचेरीत परतल्यावर मी ते नाव काढलं. खरंच काढायचं का, असं यंत्राने विचारलं. मी 'हो'वर बोट ठेवलं. मी घाबरले होते हे खरंच, पण त्याहून जास्त थकले होते. डोक्यावरचं एक काम कमी झालं, याचंच मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. गुडघे दाखवायला तालुक्याच्या दवाखान्यात गेले. अडीचपासून बाकावर बसून होते, समोर खोकणारी एक बाई आणि भिंतीवर घड्याळ. पावणेचारला होकनचा निरोप आला. 'सुट्टीवर आहेस ना? मग एव्हर्टकडे एकेचाळीस मिनिटं काय बघत बसलीस? तुझं नाव आलंय.'

तो निरोप मी तीनदा वाचला. तेवढ्यात फोन वाजला. एव्हर्ट होता.

"गुडरून, आभार मानायला केला. आलीस, बसलीस. मला वाटलं, काल रागावून गेलीस."

"मी... मी आले होते?"

"दिवा लागला, खुर्ची वाजली. आधी वाटलं मे-लिसच. पण गुडघे तुझे वाजले. निघताना विचारलं मी तुला, उद्या येशील ना?"

आमच्याकडे 'हो' कुणी तोंडाने म्हणत नाही. ओठांचा चंबू करून श्वास झटकन आत ओढला, की झालं 'हो'.

"तूही तसाच ओढलास," एव्हर्ट म्हणाला. मग फोनवर बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"एव्हर्ट?"

"कान देऊन होतो मी, गुडरून... तो श्वास तू परत सोडलाच नाहीस."