सर्वांत घट्ट गाठ

ग्रंथिमोचक यंत्राच्या टोपीखाली श्रीनिवासराव आठल्ये डोळे मिटून बसले होते, आणि काचेच्या अलीकडे त्यांच्या पत्नी, सुलभाताई, जेवणाच्या डब्याची पिशवी धरून उभ्या होत्या. कुंकू शाबूत राहणार आणि नवरा जाणार, असलं नशीब कुणाच्या वाट्याला आलं होतं?

निवृत्त झाल्यापासून श्रीनिवासरावांना वैराग्याने पछाडलं होतं. अळणी जेवायचं, चटईवर निजायचं. जन्मभर जिला ‘अगं’ म्हणून हाक मारली, तिला आता ‘बाई’ म्हणायचं. नातू मांडीवर चढला की ‘माया, माया’ पुटपुटत त्याला खाली ठेवायचं. हिमालयातला एक आश्रम त्यांना दीक्षा द्यायला तयार होता, पण जुना दंडक आडवा आला: बायकोने तोंडाने ‘जा’ म्हटल्याशिवाय गृहस्थाला संन्यास नाही. सुलभाताई काही केल्या म्हणेनात. तेवढ्यात मिरजेच्या प्रयोगशाळेत हे यंत्र तयार झालं.

“बाई, आधी माझा मोह सुटू दे,” श्रीनिवासराव म्हणाले. “मग मला अडवून तुम्हाला तरी काय मिळणार?”

ओढच नसलेला माणूस घरात ठेवायचा कशाला? सुलभाताई थकल्या आणि ‘जा’ म्हणाल्या. तो शब्द त्यांना अजून टोचत होता.

“नक्की काय करणार त्यांचं?” त्यांनी डॉ. मृणाल खोपकरांना विचारलं.

“मेंदूत आठवण आणि ओढ यांची गाठ बसते. तो मोह. यंत्र आठवणीला हात लावत नाही, ओढ तेवढी सोडवतं.”

“कशाची?”

“सर्वांत घट्ट असेल त्याची. निवड आम्ही करत नाही, यंत्रच शोधतं. गाठ एकच सुटते आणि आयुष्यात एकदाच. मेंदूला याहून जास्त सोसत नाही.”

म्हणजे माझीच, सुलभाताईंनी मनाशी म्हटलं. एवढा संसार केला, दुसरी कुणाची असणार?

पडद्यावर एक ठिपका लाल झाला, हळूहळू फिकटला आणि विझला. सुलभाताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना रडू आवरेना.

श्रीनिवासराव बाहेर आले. “अगं, तोंड का उतरलंय तुझं? सकाळपासून काही खाल्लंस का?”

सुलभाताई बघतच राहिल्या. “आणि उद्याची आश्रमाची गाडी?”

“आठवतंय की सगळं. पण तिथं जाऊन कुडकुडायचं कशासाठी, तेच कळेना.”

डॉक्टरांनी नोंदी पुन्हा तपासल्या आणि त्यांना हसूच फुटलं. “रात्रंदिवस मोक्षाचा ध्यास घेऊन यांनी तीच गाठ सर्वांत घट्ट आवळली होती. यंत्राने नेमकी तीच सोडवली.”

“आणि माझी?”

“तुमची दुसरी होती.”

सुलभाताईंना क्षणभर रागच आला. इतकी वर्षं घरात मोक्ष नावाची सवत नांदत होती म्हणायची.

“होती,” डॉक्टर म्हणाल्या. “आता पहिली तुमचीच.”

“पुन्हा त्या टोपीखाली नाही ना बसवता येत यांना?”

“नाही. एकदाच.”

“मग बरंय.” सुलभाताईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसून त्यांनी पिशवीतला डबा काढला आणि नवऱ्यापुढे उघडून ठेवला.

पहिल्याच घासाला श्रीनिवासराव थबकले. “अगं, भाजी अळणी झालीय.”

“तुम्हीच सांगितलं होतंत.”

“मी? कमालच आहे माझी. जरा मीठ मिळतंय का बघ ना इथे कुणाकडे.”

आणि मेंदूविज्ञानाच्या त्या प्रयोगशाळेत सुलभाताई मीठ मागायला निघाल्या.