तीन थरांची शर्त

हैदराबादेकडून आलेली गाडी सेलूच्या स्टेशनातून पुढे गेली आणि पार्सलच्या खिडकीपाशी दोन माणसं एकदमच येऊन उभी राहिली. एक नीलम्मा, सोबतीला घरची जुनी बाई कडूबाई. दुसरा एक उंच, सावळा, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला तरुण. खिडकीतल्या बाबूने दोघांचे नग एकावर एक ठेवून पुढे ढकलले. वरचा, नीलम्माचा डबा घसरला, तरुणाने तो झेलला, पण झाकण काही झेलता आलं नाही... आणि त्या शुभ्र सदऱ्यावर तपकिरी भुकटीचा सडा पडला.

"अगं बाई!" नीलम्माने तोंडावर पदर घेतला. पदराआड ती हसत होती, हे कडूबाईशिवाय आणखी एकाला कळलं.

"घाबरू नका, डबा वाचलाय," तो म्हणाला. बोटाला लागलेली भुकटी त्याने जिभेवर ठेवली आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "एवढं कडू! हे औषध कुणासाठी?"

"सासूसाठी," नीलम्मा पटकन बोलून गेली.

"म्हंजी... लगीन झालंय तुमचं?"

"न्हाई. म्हणून तर आधीपासून तयारी करायलेय!"

तो असा मोकळा हसला, की बाबूनेही चष्म्यावरून पाहिलं. कडूबाईने नीलम्माचा दंड धरून तिला टांग्यात बसवलं. टांगा वळताना नीलम्माने मागे पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. तो सदरा न झटकता तसाच उभा होता.

तो अण्णाराव. पालमचा. ईश्वरअप्पांच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंदाच फिटर म्हणून लागलेला. आणि ईश्वरअप्पा म्हणजे नीलम्माचे वडील. आता बोला!

तर ही १९३८ सालच्या थंडीतली गोष्ट. कापसाचा हंगाम ऐन भरात होता आणि मार्गशीर्षात अप्पांची साठी होती. डब्यात होता कोको, सिकंदराबादच्या मामेभावाने पाठवलेला. कारणही तसंच होतं. वीस वर्षांपूर्वी अप्पा कापसाच्या कामासाठी सिकंदराबादला गेले होते. तिथे एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांच्यापुढे चॉकलेटचा केक आला. एकावर एक तीन थर, मधे काळसर लोणी. अप्पांनी घास तोंडापर्यंत नेला आणि कुणीतरी सांगितलं, यात अंडी आहेत. अप्पांनी घास खाली ठेवला. गळ्यात इष्टलिंग असलेला लिंगायत माणूस दुसरं काय करणार? पण त्या वासाची आठवण काही जाईना. दिवाळीत सगळे लाडू वाखाणत असताना अप्पा हळूच म्हणत, "सगळं झ्याक हाय... पण तो वास!"

आई लहानपणीच गेलेली. अप्पांनी या पोरीला मागेल ते दिलं होतं. तिने ठरवलं, साठीला अप्पांच्या ताटात तो केक वाढायचा. बिनअंड्याचा. मामेभावाने कृतीही लिहून पाठवली होती, त्यातली अंडी तिने पेन्सिलने खोडून टाकली आणि कामाला लागली.

पहिला केक असा झाला, की कुत्र्यानेही तो हुंगून सोडला. कृतीत सोडा लिहिला होता. नीलम्माने फडताळातला पापडखार घातला! फुगतो तो खार, एवढंच तिचं गणित. केक फुगला खरा, पण चवीला साबण.

सिद्धम्मा आत्याने एक तुकडा जिभेला लावला आणि परसात जाऊन चूळ भरली. आत्या बालविधवा. तीस वर्षं तिच्या शब्दावर हे घर चालत होतं. शिस्तीची एवढी, की तिच्या पंक्तीत ताटात शीत राहत नसे. प्रसाद म्हणून घेतलं ते संपवायचं, ताट धुवून ते पाणीही प्यायचं. म्हणून जेवढं नक्की संपेल तेवढंच घ्यायचं.

"कामून हे साहेबाचे धंदे करायलीस?" आत्या म्हणाली. "त्यापेक्षा लातूरकरांना होकार कळव. साठी झाली की त्यांचा माणूस येणार हाय."

लातूरचं स्थळ आत्याने आणलेलं. मुलगा चांगला, घर चांगलं, दुकान त्याहून चांगलं. अडचण एकच होती, नीलम्माला तो नको होता. का, ते तिला महिनाभरापूर्वी सांगता आलं नसतं. आता मात्र डोळे मिटले की भुकटीने तपकिरी झालेला एक सदरा दिसे.

"आत्या, केक जमला तर?"

"बिनअंड्याचा? तो मला गोड लागला ना, तर लातूरचं नाव काढणार न्हाई मी."

"आणि न्हाई जमला तर मी मुकाट लातूरला जाईन. कबूल?"

"कबूल!" आत्या म्हणाली. दोघी एकाच घरातल्या, हट्टाला कुणीच कमी नाही.

रागात शर्त लावून नीलम्मा बसली खरी, पण अंड्याशिवाय केक कशाने फुगवायचा, ते काही सुचेना. रात्री आत्याने स्वतःच्या पोटदुखीसाठी लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला. पेल्यात फस्सकन फेस वर आला. नीलम्मा ताडकन उठली. आंबट आणि सोडा! आपल्याकडे लिंबू कशाला, आंबट दह्याची गाडगी भरलेली आहेत. आत्याला काय ठाऊक, तिनेच पोरीच्या हातात हत्यार दिलं.

राहिला प्रश्न तावाचा. चुलीवर केक खालून करपे आणि वरून कच्चा राही. भट्टी करून घ्यायची म्हणून लोहाराला बोलवायला कडूबाई जिनात गेली आणि आली ती अण्णारावालाच घेऊन. हे तिने कुणाच्या सांगण्यावरून केलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अण्णारावाने रॉकेलचा रिकामा डबा आडवा केला, आत वाळू पसरली, वर लोखंडी जाळी बसवली, पुढे बिजागरीचं दार लावलं. खाली निखारे, वर निखारे. बेलाच्या झाडाखाली आत्या वाती वळत राखणीला बसली होती. तिचे हात वातींत आणि डोळे या दोघांवर.

"ताव किती लागतो ह्याला?" अण्णारावाने विचारलं.

"मध्यम."

"मध्यम म्हंजी?"

"तुमच्या तोंडाएवढा सुटलेला नको... आणि आत्याच्या नजरेएवढा कडक नको."

तो हसू दाबत खाली वाकला. "मग चिमूटभर कणीक आत टाकू. वीस म्हणेस्तवर तांबूस झाली, तर ताव बरोबर. एक..." त्याने वर पाहिलं. "दोन..." नीलम्माने मान वळवली. "तीन..."

"फिटरसाहेब, तुमचे आकडे लय सावकाश चालायलेत!"

"इथून जायची घाई कुणाला हाय?"

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. निखाऱ्यांमुळे, असं तिने स्वतःला सांगितलं. वीस होईपर्यंत कणीक छान तांबूस झाली, केक आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा मधोमध लिबलिबीत कच्चा होता. होणारच! ज्याचे आकडे नजरेच्या नादात पांगळे झाले, त्याचा ताव कसला बरोबर येतो? कणकेला लागायच्या त्याच्या दुप्पट वेळ त्याने दिला होता. डबा पुरता तापलाच नव्हता.

आत्या वाती गोळा करता करता नुसती हसली. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

"चुकलं माझं," अण्णाराव खालच्या आवाजात म्हणाला. "इंजिनाचा काटा कधी चुकत न्हाई माझा. इथंच..."

"कोको आता एकाच केकापुरता उरलाय," नीलम्मा म्हणाली. तिने कोकोचा डबा पुढे करून दाखवला. "आणि साठी परवा. तुमाला माहीत न्हाई, हा बिघडला तर मला लातूरला द्यायचं ठरलंय."

अण्णारावाच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलून त्याने डब्याचं दार पुन्हा एकदा घट्ट बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिनातली सुट्टी होताच तो आला. हात घासून घासून धुतलेले. नीलम्माने आधीच बजावलं, "आज मी मोजणार. तुमी गप बसायचं आणि माझ्याकडं बघायचं न्हाई."

"मग कुठं बघू?"

"निखाऱ्याकडं!"

तो मुकाट निखाऱ्याकडे पाहत बसला. नीलम्माने वीस आकडे घड्याळाच्या टोल्यासारखे मोजले. कणीक काळी पडली, त्याने वरचे निखारे थोडे ओढले. पुन्हा वीस. तांबूस! दही-सोड्याने फुगलेलं पीठ आत गेलं. पाऊण तास गेला. मग दाराच्या फटीतून वास आला, आधी हळूच, मग भरभरून. वाती वळणारे आत्याचे हात थांबले. नीलम्माने ते पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

केक निवला. तो आता आडवा कापून तीन थर करायचे होते. सुरीने तुकडे पडले असते. अण्णारावाने खिशातून सुताचा बारीक दोरा काढला.

"एक टोक तुमी धरा, एक मी. ओढत आणू."

केकाच्या दोन बाजूंना दोघं उभी राहिली. दोरा ताणला. हळूहळू तो आत शिरला. ओढता ओढता हात जवळ येत गेले, इतके, की तिच्या बांगड्या त्याच्या मनगटाला लागल्या. दोरा क्षणभर सैल पडला.

"ढिला करू नका," ती पुटपुटली.

"नीलम्मा..." त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं. "मी पालमचा. लिंग माझ्याबी गळ्यात हाय, पण घरी कोरडवाहू तुकडा आणि म्हातारे आईबाप. शेटजींच्या दारात मी कोणत्या तोंडानं बोलू?"

"आज बोलू नका," ती म्हणाली. तिने मान वर केली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "आज दोरा धरा."

त्याने धरला. तीन थर झाले, एकही तुटला नाही.

साठीच्या सकाळी मठाचे स्वामी आले. पाद्यपूजा झाली, ओसरीवर सोयरे-व्यापाऱ्यांची पंगत बसली. जिनातली माणसंही होती, अगदी टोकाला अण्णाराव. पुरणपोळी झाली, आमटी झाली आणि मग नीलम्मा परात घेऊन आली. तीन थर, मधे कोको घातलेलं गोड लोणी, वर बदामाचे काप. पंगत वाकून बघू लागली.

"हे काय, बाळ?" स्वामींनी विचारलं.

"मैदा, साखर, लोणी, दही, सोडा, कोको आणि वर बदाम, स्वामी. दुसरं काही न्हाई. आत्या समोर बसून होत्या, विचारा."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या मनात आणती तर तिथेच डाव उधळती. पण खोटं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं. "खरं हाय," ती म्हणाली. "अंड्याचं नावसुदिक न्हाई त्यात."

स्वामींनी तुकडा घेतला आणि मान डोलावली. मग अप्पांनी घास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. वीस वर्षं त्या हाताला तिथेच थांबायची सवय झालेली! नीलम्माने परातीची कड घट्ट धरली. अप्पांनी डोळे मिटले, घास तोंडात घातला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पोरी," ते एवढंच म्हणाले, "तोच वास!"

पण शर्त अप्पांशी नव्हती. आत्याने नखाएवढा तुकडा ताटात घेतला होता. संपवावा लागतो ना, म्हणून अगदी नखाएवढा. तिने तो खाल्ला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ताटाला लागलेलं लोणी तिने बोटाने निपटलं. नीलम्माला वाटलं, आता पाणी घालून ताट धुणार, पिणार आणि उठणार. संपलं सगळं.

आत्याने पाण्याच्या तांब्याकडे हात नेला... तांब्या बाजूला सारला आणि ताट पुढे केलं.

"वाढ. चांगला हातभर वाढ. संपवते मी."

पंगतीत हशा पिकला. नीलम्मा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. आत्या घास चावत भावाला म्हणाली, "दादा, लातूरकरांना न्हाई म्हणून कळवा. जबान दिलीय मी."

"मग पोरीचं काय करायचं?" अप्पा गोंधळले.

"ते तिलाच विचारा की. तिला तोंड हाय."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने परात खाली ठेवली. आज ती जिंकली होती, आणि जिंकलेल्या माणसाने अर्ध्यावर थांबू नये.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमच्या जिनातले फिटर हायत ना, अण्णाराव... मला त्यांच्याशी लगीन करायचंय."

चॉकलेटचा घास अण्णारावाच्या घशात अडकला. कुणीतरी पाठीवर थाप मारली, कुणीतरी पाणी दिलं. अप्पा त्याच्याकडे पाहत राहिले. मालक पाहत होता की बाप, ते कळेना.

"काय रे," अखेर ते म्हणाले, "माझी पोर भर पंगतीत बोलली. तुला काही बोलायचंय का न्हाई?"

स्टेशनावर, परसात, निखाऱ्यांपाशी ज्याची जीभ कधी थांबली नाही, तो अण्णाराव हात पुसत उठून उभा राहिला. त्याने नीलम्माकडे पाहिलं. ती मान खाली न घालता उभी होती, गालाला कोको लागलेला, डोळे भरलेले.

"शेटजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ओसरी ओलांडून रस्त्यापर्यंत गेला, "माझ्यापाशी दोन हात हायत, दुसरं काही न्हाई. पण मला नीलम्मा पायजे. लय पायजे!"

अप्पांनी स्वामींकडे पाहिलं. स्वामी हसले. अप्पांनी आपल्या शेजारची जागा हाताने झटकली आणि पंगतीच्या टोकाला उभ्या असलेल्या फिटरला हाक मारली.

"ये, जावई. इथं बस."