रंगवलेले ओठ

"ते यंत्र आज कपाटात राहील, स्वाती! घरात गौरी बसल्यात, चार बायका येणार, आणि पोरीच्या बोटाला तो चिमटा?" रुक्मिणीबाईंनी सुनेच्या हातातला ऑक्सिमीटर काढून घेतला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

स्वातीची सहा वर्षांची सई जन्मतःच हृदयात दोष घेऊन आली होती. दर तीन तासांनी रक्तातला प्राणवायू मोजायचा, ओठ निळे पडतात का ते बघायचं, या राखणीत शाळेतली नोकरी गेली, माहेर सुटलं, हिंदी मुलखातल्या लक्ष्मी गेटच्या या दोन खोल्यांबाहेरचं जगच संपलं! ऑपरेशन हा एकच उपाय होता; पण तीन वर्षं सासूबाईंचा एकच हेका, "मुलीची जात! छातीवर व्रण घेऊन कोणाच्या घरी जाईल?" आणि नवऱ्याची, देवेंद्रची, आईपुढे बोलायची प्राज्ञा नव्हती.

तिसऱ्या प्रहरी हळदीकुंकवाला बायका जमल्या. नातीचे निळसर ओठ कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून आजीने तिला कात जास्त घातलेला विडा खाऊ घातला होता. मेंदी तर कालच नखांपर्यंत लावली होती. लालचुटुक ओठांची लेक पाहून स्वातीलाही क्षणभर बरं वाटलं... वेडी आई ती!

खेळता खेळता सई एकाएकी उकिडवी बसली. "मम्मा, साँस नहीं आ रही..."

स्वातीने ओठ पाहिले, लाल. जीभ लाल. नखंही लाल! निळं दिसणार तरी कुठे? ती कपाटाकडे धावली.

"आई, किल्ली द्या!"

"अगं, बायकांसमोर काय..."

"द्या म्हणते ना!" लग्नाच्या आठ वर्षांत न चढलेला तो आवाज ऐकून रुक्मिणीबाईंचा हात आपोआप कमरेकडे गेला.

बोटांना मेंदी, आकडा चुकायचा, म्हणून स्वातीने चिमटा पायाच्या अंगठ्याला लावला. अठ्ठावन्न! डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे लेकीचे गुडघे तिच्याच छातीशी दाबून धरत ती "ऑटो आणा!" म्हणून ओरडली, आणि देवेंद्र धावला.

दवाखान्यात सईला प्राणवायू लावून डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवरून यंत्र फिरवलं. ना सुई, ना चिरा, तरी पडद्यावर ते इवलंसं हृदय धडपडताना दिसू लागलं. रुक्मिणीबाईंनी ते आज पहिल्यांदा पाहिलं.

"माँजी, खून का रास्ता बहुत तंग हो गया है। अब ऑपरेशन टालिए मत। होंठ नीले हुए, किसी ने देखा नहीं?"

"इसकी माँ तो रोज देखती है, डॉक्टर साहब..." रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मैंने ही छिपाया!" आणि सुनेचे दोन्ही हात घट्ट धरून त्या ढसाढसा रडू लागल्या. "व्रण राहू दे गं छातीवर... माझी पोर राहू दे!"

या एका होकारासाठी स्वाती तीन वर्षं कोंडली गेली होती. किती बोलायचं साठवलं होतं तिने! पण आता तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आई, आधी ऑपरेशनच्या कागदावर सही करू या."