चार्ज रिपोर्टातलं शेवटचं कलम

दिल्लीतल्या मराठी मंडळींत माझी ओळख एवढीच: "हा हेरंब, कॉम्प्युटरवाला." एका मंत्रालयाच्या कॉम्प्युटर सेलमध्ये नोकरी, सरोजिनी नगरला क्वार्टर. गणपतीची आरती संपते न संपते तोच दोन-तीन जण प्रसादाबरोबर आपापल्या यंत्राची दुखणीही माझ्या हातावर ठेवायचे. फुकटचा वैद्य कुणाला नको असतो? त्यामुळे २००३च्या जानेवारीत, एका शनिवारी अलकनंदाकाकूंचा फोन आला तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. पण गेलो.

दुपारचे तीन वाजले होते, तरी धुकं सकाळपासून उठलंच नव्हतं. द्वारकेला मेट्रो अजून यायची होती. निम्म्या सोसायट्यांत माणसंच नव्हती, नुसत्या पाट्या आणि बंद खिडक्या. ऑटोवाला दोनदा चुकला. चौथ्या मजल्यावर पोहोचलो तर काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"ये रे हेरंब. चपला उजवीकडे काढ, डावीकडे माझी वाट आहे," काकू आतूनच म्हणाल्या.

काचबिंदूमुळे काकूंना आता फक्त सावल्या दिसायच्या. मूर्ती एवढीशी, माझ्या खांद्यालाही न लागणारी. विश्वनाथकाका सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले होते. नोव्हेंबरमध्ये हृदयाच्या ऑपरेशनला गेले, ते परत आले नाहीत.

"दार असं उघडं ठेवता?" मी विचारलं.

"तू येणार म्हणून. एरवी खालची कडी लावते. वरचीला माझा हात पुरत नाही. ती रोज हेच लावायचे. नीला तेच धरून बसलीय. म्हणते, आई, साधी वरची कडी तुला लावता येत नाही, एकटी कशी राहणार? उद्या गुडगावहून गाडी घेऊन येतेय मला न्यायला."

नीला त्यांची मुलगी. तिचं काही चुकत होतं असं मला तरी वाटलं नाही.

"मग कॉम्प्युटरचं काय काम आहे?"

"त्यावर ह्यांचा चार्ज रिपोर्ट आहे. तो पुरता ऐकल्याशिवाय मी जागा कशी सोडू?"

सरकारी नोकरीत खुर्ची सोडताना माणूस पुढच्याला चार्ज देतो. कुठली फाइल कुठे, कुठली किल्ली कशाची, सगळं कलमवार. काकांनी ऑपरेशनच्या आधी आठवडाभर माइकसमोर बसून घराचा चार्ज बायकोला दिला होता. डोळ्यांनी वाचता येणार नाही, म्हणून आवाजात.

मी फाइल लावली. काकांचा बारीक, घसा खाकरत बोलणारा आवाज खोलीत आला. "कलम एक. पलंगापासून स्वयंपाकघर चौदा पावलं. कलम दोन. गॅसची चावी ओट्याखाली डावीकडे, हात आधी भिंतीला लाव..." काकू ओठांतल्या ओठांत बरोबरीने म्हणत होत्या. सगळं पाठ होतं. अडतीस मिनिटांनी आवाज म्हणाला, "आणि आता शेवटचं कलम, अलका..." आणि यंत्र जागच्या जागी थिजलं. पडद्यावर पाटी आली: व्हर्च्युअल मेमरी कमी आहे.

"बटणं मोजून रोज लावते, रोज इथेच थांबतात," काकू म्हणाल्या.

दुखणं साधं होतं. कपाटात जागा उरली नाही की आपण सामान खाटेखाली सरकवतो ना, तसं हे यंत्र आपलं जास्तीचं ओझं डिस्कवर सरकवतं. त्या खाटेखालच्या जागेचं नाव व्हर्च्युअल मेमरी. काकांनी ती १२८ एमबीला बांधून ठेवली होती. मी २५६ केली, यंत्र बंद करून चालू केलं, आणि सहज म्हणून सेटिंग उघडून पाहिलं.

१२८.

सेव्ह करायला विसरलो असेन म्हणून पुन्हा केलं. पुन्हा १२८. व्हायरस शोधला, तो नव्हता. तिसऱ्यांदा आकडा कागदावर लिहिला, टिचकी मारताना मोठ्याने म्हटलंसुद्धा. यंत्र उठलं, आणि १२८. डिस्क टक्... टक्... करायला लागली होती. फाइल फ्लॉपीत मावणारी नव्हती, सीडी लिहायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, आणि ही डिस्क गुडगावपर्यंतचे हादरे सोसेल असं मला वाटेना. त्या बाईंचा उरलासुरला नवरा माझ्या हातून संपणार असं वाटून मी माऊसवरचा हात काढून घेतला.

मग वास आला. लवंगेचा. अगदी जवळून, कुणी खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहावं तसा.

"काकू... तुम्ही लवंग खाल्लीत?"

"नाही रे." त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता, माझ्या मागे होता. "सिगारेट सोडल्यापासून हे तोंडात लवंग धरायचे..."

मी मागे वळलो नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण तेवढं धाडसही नव्हतं.

"हेरंब," काकू हळूच म्हणाल्या, "तू नोट टाकलीस का?"

"कसली नोट?"

"गेल्या वर्षी एका मेकॅनिकने न विचारता सेटिंग बदललं, तर ह्यांचं महिनाभराचं टायपिंग गेलं. घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून नियमच. कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलायचं तर आधी नोट, मग ह्यांची सही, मग हात लावायचा. नीलाच्या नवऱ्यालासुद्धा लिहायला लावली होती. तू सरकारी माणूस, तुला सांगायला हवं का?"

की-बोर्डजवळ एक ट्रे होता. त्यात ऑफिसातले तेच फिकट हिरवे नोटशीट. मी स्वतःला मूर्ख म्हणत खिशातलं निळं बॉलपेन काढलं आणि सवयीने हिंदीत लिहिलं: "वर्चुअल मेमरी १२८ से २५६ करने का प्रस्ताव है। कारण: श्रीमती दिघे को अंतिम मद सुननी है। अनुमोदनार्थ प्रस्तुत।" हिंदीत कलमाला मद म्हणतात. खाली सही केली, तारीख घातली.

"आता चल, चहा घेऊ," काकू म्हणाल्या. "समोर कुणी उभं असलं की हे सही करत नसत."

चौदा पावलं मोजत त्या पुढे, मी मागे. आल्याचा चहा झाला. बाहेरच्या खोलीत एकदा खुर्ची करकरली. काकूंनी कपावरचा हात फक्त घट्ट केला.

परत आलो. कागदाकडे पाहायचं मी मुद्दाम टाळलं. २५६ केलं. बंद. चालू. सेटिंग उघडलं.

२५६.

फाइल लावली. पुढची अडतीस मिनिटं आम्ही दोघं देवळात बसल्यासारखे बसलो. "आणि आता शेवटचं कलम, अलका..." पडद्यावर पाटी येते का, ते मी पाहत राहिलो. आवाज मात्र अडकला नाही.

"दाराचं. खालची कडी तू लावत जा. वरचीला तुझा हात पुरत नाही, म्हणून स्टुलावर चढायचं नाही, पडशील. वरची मी लावत जाईन. चार्ज दिला. इति."

एवढंच. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या, अगदी मोकळ्या. मलाही आवरलं नाही. ऑपरेशनला निघालेल्या माणसाने केवढा धीर बांधून, रोजच्या कामासारखं ते सांगून ठेवलं होतं.

"मिळाला बरं का चार्ज," त्या कुणाला तरी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "नीलाला फोन लावून देतोस? सांगते, मी कुठे जात नाही."

"काकू, पण ती कडी..."

"सांगितलंय ना त्यांनी?"

आवराआवर करताना ट्रेमधला कागद उचलला. माझ्या निळ्या अक्षरांखाली एक तिरकी रेघ, "वि. दि." अशी आद्याक्षरं आणि आजची तारीख होती. शाईला अंगठा लागला, तर ती पुसटली. ओली होती.

"सही आहे?" काकूंनी विचारलं.

"आहे... हिरव्या शाईत."

दिल्लीच्या ऑफिसांत जॉइंट सेक्रेटरीच्या खालचा माणूस हिरव्या शाईला हात लावत नाही. काका जन्मभर सेक्शन ऑफिसर राहिले, प्रत्येक यादीत नाव मागे पडलं.

काकू रडता रडता हसल्या. "म्हणजे तिकडे तरी प्रमोशन दिलं!"

मी निघालो. दार लागलं. जिना धुक्याने भरला होता आणि दिवा शोधत मी दोन पायऱ्यांवरच थांबलो होतो. आतून खालची कडी पडली. मग काकूंची सपाता घासत जाणारी पावलं दूर गेली, एकेक मोजत, थेट स्वयंपाकघरापर्यंत. तिथे भांडं वाजलं.

आणि माझ्या मागे, दाराच्या पार वरच्या टोकाला, सावकाश, रोजच्या सवयीने सरकावी तशी वरची कडी सरकली.