परतीची नळी

रंगाला स्वस्थ बसू द्यायचं नाही, एवढंच काय ते थोरलीचं काम. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही काय नोकरी झाली! पण लोखंडी कपाटांच्या त्या कारखान्यात रंगाची खोली म्हणजे पोट. तिथे बिघडलं की सगळीकडे बिघडलं. मोठ्या पिंपात पंखा संथ फिरायचा, पंप रंगाला नळीत ढकलायचा, नळी फवारणीच्या खोल्यांतून हिंडून यायची, आणि वापरून उरलेला रंग परतीच्या नळीने पुन्हा पिंपात पडायचा. सुट्टीतसुद्धा हे चक्र चालू ठेवायचं. थांबलं की रंग साका धरतो. जड ते तळाला जातं, वर उरतं नुसतं पाणचट.

हे तिला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे तिचे वडील. त्यांचा उभा जन्म याच खोलीत गेला, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी ही लागली. सगळी वर्षं नळ्यांतून एकच रंग फिरला, भरल्या आभाळासारखा राखाडी-निळा. "सावकाश गं," ते म्हणायचे, "घाईनं ढवळलंस तर बुडबुडे येतील. रंग काय पळून चाललाय?"

मग तात्या घरी खिडकीशी आरामखुर्ची टाकून बसू लागले, आईच्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागले. आई म्हणायची, "निवृत्त हे झाले आणि राबतेय मी!"

एका दुपारी थोरली लवकर घरी आली. पंप दुरुस्तीला काढला होता. तात्या खुर्चीत डोळे मिटून पडले होते, अंगावर ऊन होतं, आणि त्यांचं कपाळ फिकट दिसत होतं. आजारी माणसाचं असतं तसं नव्हे, धुतलेल्या काचेसारखं. भुवया तर जवळजवळ नव्हत्याच. पाय मात्र चपलांमध्ये घोट्यापर्यंत गडद, निळसर झाले होते.

"आई, इकडे ये. बघ तात्यांकडे."

"वय झालं, दुसरं काय," आई म्हणाली, पण पदराने त्यांचं कपाळ पुसत राहिली, जणू काही तिथे लागलंय.

डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. त्यातली एकही पोटात जाण्याआधी पंप सुरू झाला, आणि संध्याकाळी बघते तर तात्या आपले नेहमीसारखे सावळे, तजेलदार, आईच्या चहाला नावं ठेवत बसलेले.

पुढे वीज गेली, तेव्हाही तसंच झालं. नळी तुंबली, तेव्हाही. योगायोग असतात, पण इतके शिस्तीचे नसतात. शेवटी तिने एकदा कारखान्यातून घरी फोन लावला, आणि बोलता बोलता पंपाचं बटण बंद केलं.

"तात्या काय करताहेत?"

"करताहेत काय, माझं डोकं खाताहेत. म्हणे खिडकी..." आई थांबली. "अगंबाई! बोलता बोलता डोळाच लागला की ह्यांचा."

थोरलीने झटकन बटण दाबलं. फोनमध्ये तात्या खोकले आणि खिडकीचं वाक्य पुरं करू लागले.

तेव्हापासून ती पंपाला डोळ्यात तेल घालून जपू लागली. भयंकर भीती वाटायची तिला, आणि हे सांगणार कुणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

मग एक दिवस साहेब म्हणाले, "राखाडी आता कुणाला नको. मलई रंग भरायचा. नळ्या धुवून घ्या."

"एक नळी राहू द्या ना, साहेब."

"अहो, जुन्या रंगाची काय चौकट करून भिंतीवर लावायचीय?"

तिने विनवण्या केल्या. साहेब हसले आणि निघून गेले. तिने जुना रंग थेंब न थेंब एका पिंपात काढला, पिंप मागच्या अडगळीत सरकवलं, आणि तिथे उभं राहून लाकडी दांड्याने ढवळत राहिली. पलीकडे माणसं नळ्या धूत होती. परतीच्या नळीतून येणारं पाणी आधी निळं होतं, मग करडं झालं, मग स्वच्छ. त्यानंतर मलई रंग आला.

घराचं दार उघडंच होतं.

आतून हसण्याचा आवाज येत होता.

तात्या खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा गोरा, गुळगुळीत. पाय चेहऱ्याच्याच रंगाचे. तिला बघताच ते अदबीने उभे राहिले.

"या, बसा ना. आपण रंगाच्या कामात असता वाटतं? नखांवरून ओळखलं."

थोरलीला रडूही फुटेना. आई शांतपणे कपात चहा ओतत होती. ते चहा प्याले आणि म्हणाले, "छान झालाय."

सकाळी तिने अडगळीतलं पिंप उघडलं. वर स्वच्छ पाणी आलं होतं. ती दांडा घेऊन वेड्यासारखी ढवळू लागली, भराभर, बुडबुडे उठेपर्यंत. तळातून निळं वर येऊ लागलं, आणि मग दांडा मंद झाला. खालून कुणीतरी तो हलकेच धरला होता. ओढला नाही, नुसता सावकाश केला.

तेव्हापासून ती रोज जाते. रजेच्या दिवशीही, ताप असला तरीही. पिंपाबद्दल तिने कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. घरात ते गृहस्थ गोड बोलतात, कशालाच नावं ठेवत नाहीत. शेजारी म्हणतात, तात्या अगदी सुधारले हो.

आजही सुट्टी होती. ती निघाली, तशी आई तिच्यामागोमाग दाराबाहेर आली. आत ते रेडिओ ऐकत हसत होते. आईने दार ओढून घेतलं आणि तात्यांचा जुना रुमाल थोरलीच्या हातात दिला.

"पिंपाच्या कडेला ठेव हा. खोकला आला की लागतो त्यांना," ती हळूच म्हणाली. "आणि काय गं, तळाला जाऊ देत नाहीस ना ह्यांना?"